खालची ओळ वाचणारे आणि रडकीकडं बघणारे

"हालली बघ ती," आज्जी म्हणाली.

माडीवर आम्ही अकरा जण होतो आणि उरलेल्या दहा जणांना तोवर काहीच हाललेलं दिसलं नव्हतं. मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, "आज्जी, पुतळा हाय ओ तो. दगडाचा." आज्जी ब्याऐंशी वर्षांची. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झालेली, इंग्रजीचं अक्षर ओळखत नाही. तिला जे दिसलं ते हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मास्तरांना दिसलं नाही. मला तर नाहीच, आणि भिंतीवर लावलेला 'डॉक्टर हू' मालिकेचा हा भाग मी आधी चार वेळा पाहिला होता. प्रकरण लिहून काढायला बसलो ते त्यासाठी.

माझं पोट सबटायटलवर चालतं. इंग्रजी-हिंदी कार्यक्रमांच्या खाली मराठी ओळी बसवायच्या, हे काम मी बेळगावात, शहापुरातल्या घरी बसून करतो. धंद्याचे नियम ठरलेले आहेत. एका वेळी फार तर दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि सात सेकंदांच्या वर कुठलीही ओळ पडद्यावर ठेवायची नाही. सगळी वाचणाऱ्याची सोय. तो वाचत असताना चित्रातलं काय काय त्याच्या हातून निसटतं, याचा हिशेब मी तरी इतक्या वर्षांत कधी मांडला नव्हता.

आषाढाची झडी लागली होती. पावसामुळं शाळांना सुट्टी, म्हणून बहीण दोन्ही पोरांना घेऊन खानापुराहून आलेली. भाचा आठवीत, भाची सहावीत. पोरं मोबाईलला चिकटून बसली म्हणून मी प्रोजेक्टर काढला आणि माडीच्या भिंतीवर एक भाग लावायचं ठरवलं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला 'ब्लिंक'. बीबीसीवर तो ९ जून २००७ ला पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन स्टीव्हन मोफॅट, दिग्दर्शन हेटी मॅकडोनाल्ड. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे मालिकेचा नायक, डेव्हिड टेनंटचा काळात फिरणारा डॉक्टर, यात जेमतेम दिसतो. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात दोन भाग एकाच वेळी उरकायचे होते, म्हणून नायकाला बाजूला ठेवून गोष्ट लिहिली. सगळा भार कॅरी मलिगन या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या मुलीवर. तिचं नाव सॅली स्पॅरो. आज्जीनं पाचव्या मिनिटाला तिचं 'चिमणी' केलं, आणि पुतळ्याचं 'रडकी'. दोन्ही नावं घरात अजून चालू आहेत.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एका पडक्या बंगल्यात दगडी देवदूत आहेत, दोन्ही हातांनी डोळे झाकून रडत असल्यासारखे. कुणी बघत असलं की ते दगड. नजर हटली, पापणी लवली, की ते हलतात, आणि भयंकर वेगानं. त्यांनी स्पर्श केला की माणूस भूतकाळात फेकला जातो. तिथंच जगतो, तिथंच म्हातारा होऊन मरतो, आणि त्याचं इथलं न जगलेलं आयुष्य हे देवदूतांचं खाणं. डोळे झाकतात ते रडण्यासाठी नव्हे. दोन देवदूतांनी एकमेकांकडं पाहिलं तर दोघेही कायमचे दगड होतील, म्हणून.

मी लावली ती डीव्हीडी होती, लंडनहून आलेल्या एका मित्रानं पूर्वी दिलेली. गोष्टीतही डॉक्टर १९६९ सालात अडकलेला असतो आणि त्याचा निरोप सतरा डीव्हीडींच्या पोटात लपवलेला असतो. त्या जागी भाच्यानं विचारलं, "मामा, डीव्हीडी म्हणजे काय?" २००७ मधली चलतीतली वस्तू भूतकाळात जाऊन पडायला देवदूताची गरज लागली नाही.

बसण्याची तऱ्हा सांगतो, कारण तिचा संबंध आहे. आज्जी मागं, भिंतीला टेकून. पोरं पुढं सतरंजीवर. खुर्चीत मास्तर, आमचे शेजारी, बैलहोंगलकडचे, घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी. त्यांच्याशेजारी गल्लीतले मामा आणि मामी. मग बहीण, बायको, आणि खालच्या खोलीत राहून कॉलेज करणाऱ्या दोघी मुली. मधे पितळेच्या मोठ्या परातीत चिरमुरे, कांदा, शेंगदाणे. मोबाईल मी परातीशेजारी उलटा ठेवला होता, आवाज टिपायला चालू करून. पुढं-मागं कामाला येईल एवढाच हेतू. तोच या प्रकरणाचा मुख्य पुरावा ठरला, कारण माणूस घाबरला की पहिल्यांदा त्याचं चावणं थांबतं, आणि चिरमुऱ्यांचा आवाज थांबलेला लगेच कळतो.

पूर्वार्ध इंग्रजी सबटायटल लावून दाखवला. इंग्लंडातले उच्चार कुणालाच झेपत नव्हते, त्यामुळं ज्यांना वाचता येतं ते सगळे खालच्या ओळीला खिळले. मी अधूनमधून मराठीत सांगत होतो. सॅलीची मैत्रीण कॅथी बंगल्यात एकटी उभी राहते. कॅमेरा दारातल्या संभाषणाकडं जातो, परत कॅथीकडं येतो, आणि दर खेपेला तिच्या पाठीमागचा पुतळा थोडा जवळ आलेला असतो. पुतळा हलताना एकदाही दाखवलेला नाही. आज्जीचं "हालली बघ" आलं ते इथं.

नंतर मी एकेकाला विचारलं, पुतळा कितीदा पुढं आला? मास्तर म्हणाले, एकदा, शेवटी. कॉलेजच्या मुलींपैकी एक म्हणाली, "दोनदा बघितलो मी." (आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, नवख्यानं दचकू नये.) भाची म्हणाली, तीनदा. आज्जी म्हणाली, "येतच होती की."

या क्रमाकडं नीट पाहिलं तर इंग्रजी ज्याला जितकं चांगलं वाचता येतं तितके पुतळे त्यानं कमी पाहिलेत. साधंच आहे ते. दारात बोलणं चालू होतं, ओळी भराभर येत होत्या, आणि चांगला वाचणारा माणूस ओळ आली की ती वाचल्याशिवाय राहूच शकत नाही. डोळा खाली उतरतो, शब्दाशब्दावर उड्या मारतो, परत वर येतो. उडी मारण्याच्या त्या क्षणात डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. म्हणजे ज्या भागाचं नावच 'पापणी लवणं' आहे, त्याच्या खाली ओळी लावून आपण बघणाऱ्याची पापणी दर तीन सेकंदांनी आपल्या हातानं मिटवतो. देवदूतांना आणखी काय हवं! आमच्यात म्हणतात तसं, डोळा चुकवून काम साधलं.

आज्जीकडं आणखी एक शिदोरी होती, ती मला उशिरा उमगली. ती रोज संध्याकाळी दोन मराठी मालिका बघते. त्यात कुणी काही बोललं की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात, धडाम धडाम आवाज करत. तिला सवय आहे की एकच गोष्ट परत दाखवली म्हणजे तिच्यात काहीतरी फरक आहे, शोध. आपण त्या मालिकांना नावं ठेवतो. त्यांनीच तिचा डोळा तयार केलाय.

मामांची बातच वेगळी. ते जराही घाबरले नाहीत. पहिला पुतळा दिसल्याबरोबर म्हणाले, "बायका हायत त्या. दगूड न्हवं. मान बघा." खरं आहे. हे देवदूत बहुतेक ठिकाणी रंग फासून, मुखवटा चढवून निश्चल उभ्या राहिलेल्या नटीच होत्या. मामांना कळलं कारण बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर ते कित्येक वर्षं उभे राहिलेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा, अंगाला रंग, हातात भाला, मिरवणूक रात्रभर चालते. "डोळा कवा मिटायचा ते ठरलेलं असतंय," त्यांनी पोरांना सांगितलं. "हॅलोजन फुडं गेला, लोकांचं तोंड तिकडं वळलं, की मिटून घ्यायचा. खाज पण तवाच." बाकी सगळे पुतळा हलेल म्हणून धास्तावलेले, आणि मामा त्या बायांना पापणी मिटायला कधी मिळतेय याची काळजी करत बसलेले.

कॅथीचं पत्र आलं तेव्हा खोली दोन गटांत फुटली. कॅथी १९२० सालच्या इंग्लंडातल्या हल शहरात जाऊन पडली, तिथं तिनं लग्न केलं, पोरंबाळं झाली, आणि मरण्याआधी मैत्रिणीला लिहून ठेवलेलं पत्र नातवानं त्या ठरल्या मिनिटाला दारात आणून दिलं, सत्त्याऐंशी वर्षांनी. पोरांना हे भारी वाटलं. मी आज्जीला समजावलं, की देवदूत असे मारतात, माणसाला दुसरीकडं जगायला लावून.

आज्जी म्हणाली, "मग मारली कुठं? नांदायला पाठवली म्हण."

मोबाईलवर यानंतर बायकोचं हसणं आहे, आणि मग बराच वेळ कुणाचंच काही नाही. आज्जी चंदगडकडची. पंधराव्या वर्षी शहापुरात आली. माहेरचा निरोप बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर यायचा, तोही आला तर. मामी हळूच म्हणाली, "पत्र तरी लिवलं बाई तिनं."

मामांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "१९५६ ला आमास्नी तर जागचं न हलवताच पाठवलं." बेळगावात कुठलीही गोष्ट दहा मिनिटांत सीमाप्रश्नावर आणता येते. मास्तर हसले, मामाही हसले, आणि बायको चहा ठेवायला उठली.

हॉस्पिटलचा प्रसंग हा या भागाचा मधला कणा. तरुण पोलीस बिली शिप्टन दुपारी सॅलीला भेटतो, तिचा फोन नंबर घेतो आणि १९६९ मध्ये फेकला जातो. थोड्या वेळात तिला फोन येतो. ती हॉस्पिटलात पोचते तो बिली म्हातारा होऊन खाटेवर. मधली सगळी वर्षं तो वाट बघत जगलाय. पाऊस थांबेपर्यंतच आपण जगणार हे त्याला ठाऊक आहे, आणि पाऊस अजून तोच, दुपारचाच. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा आमच्या कौलांवर इतका जोर होता की मला ओरडून सांगावं लागलं. आज्जीनं विचारलं, "कंचा पाऊस? भायेरचा का आतला?" मामा म्हणाले, "आमच्यात असता तर आठ दिवस जगला असता ओ." सगळे हसले. त्या हसण्यातच बहिणीनं डोळे पुसलेले मी पाहिले.

इथपर्यंत चिरमुरे चालूच होते, हे लक्षात घ्या. निम्मा भाग संपला, दोन माणसं गायब झाली, आणि माडीवर भीती अशी बसली नव्हती. मग भाचा वैतागला. "ते खालचं काढा की मामा, मधे मधे येऊलालंय." मी सबटायटल बंद केली.

सॅली आणि कॅथीचा भाऊ लॅरी बंगल्यात जातात. देवदूत दारात. पुढच्या चार-पाच मिनिटांत मोबाईलवर चावण्याचा एकही आवाज नाही. कुणाचा तरी श्वास, पाऊस, आणि भाचीचा प्रश्न: "आता तर कुणीच बघंना झालंय, मग का हलंना ती?"

भाचा म्हणाला, "आपण बघूलालाव की!"

एवढ्या वर्षांत या भागाबद्दल मी वाचलं-ऐकलं त्यात याहून नेमकं काही नाही. चित्रातलं एकही पात्र बघत नसतं तेव्हाही देवदूत आपल्यासमोर हलत नाहीत, कारण आपली नजर त्यांच्यावर असते. भिंतीवरच्या गोष्टीनं सतरंजीवरच्या पोरांना कामाला लावलं होतं. पुढं २०१० मध्ये 'फ्लेश अँड स्टोन' या भागात त्याच देवदूतांना पडद्यावर माना वळवताना दाखवलं. माझ्या मते तिथं लेखकानं आपल्याच हातानं प्रेक्षकाची नोकरी काढून घेतली.

तळघरात दिवा फडफडायला लागला तेव्हा कॉलेजच्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. मास्तर मात्र शांत होते. त्यांची कळ वेगळ्याच जागी लागली होती. डॉक्टर १९६९ मध्ये बसून सॅलीशी बोलतो ते कागदावरून वाचून. तो कागद लॅरीनं लिहिलेला, डॉक्टरचं बोलणं ऐकून. शेवटी तोच कागद सॅली डॉक्टरला नेऊन देते. "मग मुळात लिहिलं कुणी?" मास्तरांनी तीनदा विचारलं. रात्री अकराला छत्री उघडता उघडता परत विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना विचारलं. पुतळे त्यांच्या डोळ्यांतून निसटले असतील. पण खालची ओळ न् ओळ वाचल्यामुळंच हा फास त्यांना दिसला, आणि तो इतर कुणालाही दिसला नव्हता. त्यामुळं वाचणारे आंधळे आणि न वाचणारे डोळस असा सरळ निकाल मला देता येत नाही. त्यांनी वेगळा भाग पाहिला एवढंच.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. उत्तरार्ध मुळातच जास्त भीतीचा आहे. ओळी काढल्या म्हणून चिरमुरे थांबले की देवदूत दारात आले म्हणून, हे एका खेळावरून कसं ठरवणार? म्हणून दुसरा खेळ केला.

श्रावणात, खानापुरात बहिणीच्या घरी. आठ माणसं, त्यातली आज्जी आणि भाची सोडून सगळी नवी. या वेळी मी स्वतः मराठी ओळी बसवल्या होत्या आणि धंद्याचा नियम मोडला होता. ज्या चित्रात पुतळा आहे तिथं एकही ओळ नाही. तिथलं बोलणं उचलून आधीच्या चित्रावर ठेवलं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याखाली. मावेना ते कापून टाकलं.

शब्द मात्र छळत होते. डॉक्टर सारखा बजावतो की पापणी मिटू नका, मिटलीत तर मेलात. 'पापणी लवू देऊ नका' हे बरोबर, पण जीव घेऊन पळणाऱ्या माणसाला एवढं बोलायला वेळ कुठला? 'डोळा लावू नका' म्हटलं तर आमच्याकडं झोपू नका असा अर्थ. आणि 'मेलात' आज्जीनं आधीच खोडून काढलेलं. शेवटी भाचीनं सांगितलं ते ठेवलं: 'डोळे उघडे!' दोनच शब्द, आणि वर्गात बाई ओरडतात तसे.

कॅथीच्या प्रसंगातच चिरमुरे थांबले. पूर्वार्धातच. पाचव्या रांगेतली, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली बहिणीची जाऊ "अगं मागं बघ की!" म्हणून ओरडली. मी खूश. जपानमध्ये तामामी नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलंय की गोष्ट बघणारे लोक पापण्यासुद्धा बरेचदा एकाच वेळी मिटतात, एखादी कृती पुरी झाली, जरा उसंत मिळाली, की. मला वाटलं, त्या उसंतीच्या जागी ओळ ठेवायची कला आपल्याला सापडली.

मग हॉस्पिटल आलं आणि काहीच झालं नाही. कुणी डोळे पुसले नाहीत. जाऊ उठून दिव्याची वात सारखी करून आली. मी घरी जाऊन तो तुकडा कितीदा तरी पाहिला, तेव्हा कळलं. ओळी पुढं सरकवायची सवय लागल्यामुळं इथंही मी त्या आधी ठेवल्या होत्या. म्हातारा पावसाबद्दल बोलायला तोंड उघडायच्या आत लोकांना ते वाचून झालेलं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटेपर्यंत बघणारे पुढं गेलेले. भीतीला शब्द आधी चालतो. रडू यायला तो तोंडाबरोबर यावा लागतो, जमलं तर किंचित मागून. तो प्रसंग मी परत जागच्या जागी बसवला. तिसरा खेळ अजून झालेला नाही. मास्तरांनी विचारलंय की कानडीत ओळी कधी करणार, आणि ते बरोबरच आहे. मामांच्या डोक्यात येत्या शिवजयंतीला जनरेटर दोन सेकंद बंद करून भालदार चार पावलं पुढं आणायचं घाटतंय. ट्रॉलीवर चार पावलांची जागा नाही, असं मामींचं म्हणणं.

राहिली भाची. त्या आषाढातल्या रात्री ती परसातल्या संडासाला एकटी जाईना. भावाला घेऊन गेली, येताना उलटी चालत आली. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा खरा प्रश्न सुरू झाला. आमच्या मागच्या बोळात मूर्तिकाराची शेड आहे. आषाढात तिथं गणपती वाळत असतात, रांगेनं, सगळे पांढरेफटक, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. रंग नाही, डोळे नाहीत. दुकानाला जायची वाट तिथूनच.

ती शेडच्या तोंडाशी थांबली आणि मूर्तिकारकाकांना विचारलं, "यांना डोळे कधी काढणार?"

"शेवटी, बाळ. डोळं सगळ्यात शेवटी."

"तोवर हे एकमेकांना बघू शकत नाहीत."

"न्हाई बघत."

"मग अडकणार कसे?"

काकांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? त्यांनी थोडा विचार केला, मग पुढच्या रांगेतले सहा गणपती एकेक करून उचलले आणि मागच्या रांगेकडं तोंड करून ठेवले. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात डोळे आखून होईपर्यंत ते तसेच होते. गिऱ्हाईक विचारायचं, "असं उलटं का ओ ठेवलंय?" काका म्हणायचे, "हितल्या पोरीची वाट हाय."